चकाचक बाईंची फेरपाहणी

दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव, पदवी आणि ‘मुख्याध्यापिका’ असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. पोरं, पोरांचे आईबाप, कोपऱ्यावरचा न्हावी, सगळे त्यांना चकाचक बाई म्हणत. नवराही म्हणायचा, पण पाठीमागे. समोर म्हणण्याइतका तो शूर नव्हता, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढा वेडाही राहिला नव्हता.

नाव उगाच पडलेलं नव्हतं. बाई बोलत उभ्या असल्या की त्यांचं बोट आपोआप जवळच्या खिडकीच्या कडेवरून फिरायचं, आणि बोटाला धूळ लागली तर बोलणं तिथंच थांबायचं. व्हरांड्यातून जाताना समोर येईल त्या पोराची कॉलर त्या सारखी करत. एकदा या भरात पोराला सोडायला आलेल्या एका बापाचीही केली. बाप पोलीस होता, वर्दीत होता. दुसऱ्या दिवशी बिचारा कडक इस्त्री करून आला.

शाळा सरकारी होती. सरकारी शाळा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते मात्र तिथं शोधूनही सापडत नसे. नळाला पाणी होतं आणि ते नळातूनच यायचं, नळाच्या बाजूनं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहात आरसा होता आणि तो न फुटलेला होता. कुणी पाहुणे येणार असले की बाईंना दुप्पट चेव चढे. मोडके बाक मागच्या शेडमध्ये जात, गळक्या वर्गाला कुलूप लागे, आणि पाढे धडाधडा म्हणणारी पोरं पहिल्या रांगेत येत. यात आपण काही लपवतोय असं बाईंच्या मनातही येत नसे. पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतोच ना? पसारा पलंगाखाली ढकलणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही.

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी सरकारी शाळा होती आणि तिचे मुख्याध्यापक होते बाईंचे सख्खे धाकटे दीर. त्यांना पोरं ‘रडगाणे सर’ म्हणत. भेटेल त्याच्यापुढे ते शाळेचं रडगाणं गात. छप्पर गळतं, बाक पुरत नाहीत, खडू ओला येतो, पोरं कोरडी येतात. त्यात हे दीर राहायला बाईंच्याच घराच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर रस्त्यावर चाललेली चढाओढ संध्याकाळी जिन्यावर यायची.

चढाओढ सरकारनंच लावून दिलेली होती. जुनी पद्धत अशी, की वर्षातून एक मोजणीचा दिवस असायचा. त्या दिवशी सरकारचा माणूस शाळेत यायचा, बाकांवरची डोकी मोजायचा आणि जायचा. जितकी डोकी, तितके वर्षभराचे पैसे. डोक्यात काय आहे, पोटात काय आहे, डोकं किती लांबून चालत आलंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. मोजणीच्या दिवशी बाई सकाळी गल्लोगल्ली फिरून एकेक पोर गोळा करत. तापानं फणफणलेल्या एका पोराला त्यांनी चादरीत गुंडाळून आणून बाकावर बसवलं होतं, असं लोक अजून सांगतात. बाईंचं म्हणणं, ताप नव्हताच, नुसती कणकण होती.

त्या पैशांतून बाईंनी एक गोष्ट मात्र पोटाला चिमटा काढून चालवली होती. पडद्यांचे वाचवायचे, सहलीचे वाचवायचे, स्वतःच्या खोलीतल्या पंख्याचेही वाचवायचे, आणि त्यातून वाचन शिकवणाऱ्या एका बाईंना वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवून घ्यायचं. या वाचनाच्या बाई म्हणजे विशीतली मुलगी. मागच्या खोलीत बसायची. तिसरी-चौथीपर्यंत वर चढत आलेली पण वाचता न येणारी पोरं तिच्याकडे असत. कुणाच्या घरची भाषा वेगळी, कुणी तीन गावं फिरून आलेलं, कुणाला नुसतीच अक्षरांची धास्ती. ती एकेकाला जवळ घेऊन, ओळीखाली बोट धरून, न कंटाळता वाचायला लावायची. बाईंना शाळेतल्या आरशापेक्षा आणि नळापेक्षाही ही मुलगी मोलाची वाटे. पण पाहुण्यांना ती खोली त्यांनी कधी दाखवली नाही. पाहुणे आले की ती पोरं झाऱ्या घेऊन मागच्या बागेत झाडांना पाणी घालायला जात. “त्यांना ओशाळवाणं वाटायला नको,” असं बाई म्हणत. कुणाला ओशाळवाणं वाटायला नको, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

मग राज्यानं पैसे वाटायची पद्धतच बदलली. मोजणीचा दिवस गेला. नव्या पद्धतीत ज्या पोराला शिकवायला जास्त मेहनत पडते त्याच्यामागे जास्त पैसे. लांबून येणारं पोर सव्वा धरायचं, वाचनात मागे पडलेलं दीड. आणि कुठल्या शाळेत कशी पोरं आहेत हे कुणाच्या सांगण्यावर नाही, तर पाहणी करून ठरवायचं. शिवाय एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवायला बंदी. म्हणजे पडद्यातून मास्तरीण काढायचा बाईंचा रस्ता बंद. वाचनाच्या बाईंची जागा आता पाहणीत गरज दिसली तरच मिळणार होती, आणि मिळाली तर कायमची.

“पूर्वी सवायकी-दिडकी पाढ्यांत असायची,” रडगाणे सर जिन्यावरून म्हणाले. “आता हजेरीत आली. वहिनी, आमच्याकडे तर एकही पोर अख्खं नाही बघा. सगळी दीड-दीड!”

“मास्तर पाव असला की पोरं दीड व्हायचीच,” बाई म्हणाल्या.

पाहणीसाठी आल्या त्या एक किडकिडीत, सपाट चपला घातलेल्या मॅडम. खांद्याला पाण्याची बाटली, चेहऱ्यावर काही नाही. आठवडाभर आधी निरोप आला होता, म्हणजे बाईंना आठवडा मिळाला होता. त्या आठवड्यात शाळेनं काय काय सोसलं ते भिंतींनाच ठाऊक. मॅडम आल्या तेव्हा फरशीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. पहिल्या रांगेनं पाढे म्हटले, दुसऱ्या रांगेनं कविता म्हटली. खिडकीतून बागेतली पोरं दिसली तेव्हा मॅडमनी विचारलं, “ही मुलं?”

“बागेची आवड असलेली आहेत,” बाई म्हणाल्या.

“छान,” मॅडम म्हणाल्या आणि काहीतरी टिपून घेतलं.

मग सगळ्या मुख्याध्यापकांना मोठ्या हॉलमध्ये बोलावून एकेका शाळेचा निकाल वाचून दाखवला गेला. बाई पहिल्या रांगेत, पाठ ताठ. त्यांच्या शाळेचं नाव आलं, पुढे शब्द आला ‘सुस्थितीत’. बाईंनी मागे वळून सगळ्यांकडे बघून हलकंसं हसून घेतलं. पुढचं वाक्य यायला तेवढाच वेळ लागला. सुस्थितीत असल्यामुळे जादा गरज नाही, जादा जागा नाही. आणि रडगाणे सरांच्या शाळेला? दोन जागा, छपराची दुरुस्ती, वर बाक. टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. ते कसं काढावं हे त्यांना सुचेना.

संध्याकाळी बाई आणि त्यांचा नवरा जेवायला बसले तर वरून दीर बिस्किटांचा डबा घेऊन उतरले.

“तोंड गोड करा, वहिनी. वीस वर्षं रडलो त्याचं चीज झालं.”

“रडलात खरं. तुमच्या भिंतींना ओल आहे ती त्याचीच असणार.”

“असू दे, असू दे. ओलीचेही पैसे मिळालेत आता.”

बाईंचा नवरा सुतार होता. कपाटं, टेबलं करायचा, आणि बोलायचा अगदी मोजकं, कारण तोंडात बहुतेक वेळ खिळे असत. त्यानं एक बिस्कीट उचललं. बाईंनी बघितल्यावर खाली ठेवलं.

“चिडू नका हो,” दीर म्हणाले. “फेरपाहणी मागता येते. महिनाभरात स्वतः जाऊन सांगायचं, काय बघायचं राहिलं ते. झालं.”

“म्हणजे मी माझ्या पायांनी जाऊन सांगू, की माझी शाळा वाईट आहे?”

“आम्ही नाही का सांगितलं?”

“तुमचं काय सांगता भाऊजी! तुम्ही स्वतःच्या लग्नातही खुर्च्या कमी पडल्या म्हणून सांगत फिरत होतात.”

“पडल्याच होत्या!”

“वाईट कशाला सांगतेस?” नवरा मध्येच म्हणाला. “आहे तशी सांग.” आणि बाई काही म्हणायच्या आत त्यानं बिस्कीट तोंडात टाकलं.

बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. काटकसरीतून दुसरा काही रस्ता निघतो का याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. निघत नव्हता. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाचनाच्या बाई त्यांच्या खोलीत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

“मोठ्या बाई, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मला दुसऱ्या शाळेत बोलावलंय. कायमच्या जागेवर.”

“कुठल्या शाळेत?”

ती खाली बघायला लागली. बाईंना उत्तर कळलं.

“रस्त्याच्या त्या टोकाला?”

“हो.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“महिनाअखेरपर्यंत विचार करते म्हटलं. मला जायचं नाहीये, खरंच. पण दरवर्षी सुट्टी लागली की आई विचारते, पुढच्या वर्षी आहे ना गं नोकरी? आणि मला दरवर्षी सांगावं लागतं, बघू.”

बाई त्या दिवशी घरी आल्या त्या चपला न काढता जिना चढल्या.

“भाऊजी! घरातल्या घरात दरोडा घालता?”

दीर बनियनवर चहा पीत होते. त्यांनी आधी बनियन झाकला आणि मग चहा. “दरोडा कसला? जागा मंजूर झाली, चांगलं माणूस शोधलं. या गावात वाचायला शिकवणारं तिच्यासारखं आहे कोण? तुम्हीच सांगा.”

“कुणी नाही.”

“मग?”

“मग म्हणून तुम्ही आमची पोरगी पळवायची?”

“वहिनी,” दीर जरा नरमाईनं म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच रडगाणं नव्हतं, “मी तिला कायमची जागा देतोय. तुम्ही काय देताय?”

बाईंचं बोट नुसतं जिन्याच्या कठड्यावरून फिरलं. धूळ होती. ती पुसायचीही त्यांना इच्छा झाली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या कचेरीत गेल्या. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मनात भाषण जुळवलं होतं, पण आत गेल्यावर त्यातला एक शब्द सापडेना.

मॅडमनी खुर्ची दिली. “तुमची शाळा चांगली लक्षात आहे माझ्या. घरी जाऊन सांगितलंसुद्धा मी, अशी शाळा असावी म्हणून.”

एरवी हे वाक्य बाईंनी वर्षभर पुरवून पुरवून वापरलं असतं. आज त्यांनी ते तसंच जाऊ दिलं.

“मला फेरपाहणी हवीय.”

“का? आमच्याकडून काही चुकलं का?”

“तुमचं काही चुकलं नाही. मी तुम्हाला चुकवलं.” बाईंनी एक श्वास घेतला. “आमच्याकडे वाचता न येणारी बरीच मुलं आहेत. तुम्ही आलात तेव्हा ती बागेत होती.”

“बागेची आवड असलेली?”

“पाठवलेली,” बाई म्हणाल्या.

मॅडमचा चेहरा होता तसाच राहिला. “येईन मी,” त्या म्हणाल्या. “पण एक विनंती आहे. या वेळी काही तयारी करू नका.”

काही तयारी करू नका! माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखंच झालं हे. बाईंनी शिक्षकांना बजावलं, कुणी काही आवरायचं नाही. शिक्षकांना वाटलं बाईंची तब्येत बरी नाही. मॅडम यायच्या त्या सकाळी बाई लवकर शाळेत पोचल्या आणि दारातून आत शिरताच त्यांच्या हातात झाडू आला. कसा आला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तो निग्रहानं कोपऱ्यात ठेवला, दोन पावलं गेल्या, आणि परत येऊन सरळ उभा करून ठेवला.

मोडके बाक आपल्या जागी असावेत म्हणून त्या मागच्या शेडमध्ये गेल्या. बघतात तर बाक नवेकोरे. पॉलिशचा वाससुद्धा येत होता. शेजारी नवरा हात पुसत उभा.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“रविवारी येऊन दुरुस्त केले, आत्ता पॉलिश मारलं. म्हटलं तू काळजीत आहेस, तेवढीच मदत.”

“मदत! आज ते मोडके हवे होते मला!”

नवऱ्यानं बाकांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. “मोडून देऊ का परत? पाच मिनिटांचं काम आहे.”

बाईंना रागही आला आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “बाक चांगले तर चांगले. आहे तशी सांग म्हणाला होतात ना? आहेत हे असे आहेत.”

तेवढ्यात मॅडम आल्याच. खांद्याला तीच पाण्याची बाटली, पायात त्याच चपला. बाई त्यांना घेऊन चौथीच्या वर्गात शिरल्या. आज मागच्या खोलीतली पोरं वर्गातच होती, मधोमध, सगळ्यांत मिसळून बसलेली. वाचनाच्या बाई भिंतीपाशी उभ्या. सगळं बाईंनी ठरवलं होतं तसं होतं, म्हणजे काहीच ठरवल्यासारखं नव्हतं. मॅडमनी वर्गाला नमस्कार केला. वर्गानं एका सुरात परत केला.

आणि मग मधली आठ-दहा पोरं उठली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. एकामागोमाग एक, शहाण्यासारखी रांग करून ती बाकांमधून निघाली, दाराशी ठेवलेल्या झाऱ्यांतली एकेक झारी उचलली आणि व्हरांड्यात बाहेर पडू लागली.

“कुठे निघालात रे?” मॅडमनी विचारलं.

रांगेत शेवटी एक मुलगी होती. दोन वेण्यांतली एक कायम सुटलेली. तिनं झारी सांभाळत अगदी आदबीनं सांगितलं, “पाहुणे आले ना. पाहुणे आले की आम्ही झाडांना पाणी घालतो.”

“रोज नाही घालत?”

“नाही. पाहुणे आले की.”

इतक्या वर्षांत धुळीचा कण बाईंच्या नजरेतून सुटला नव्हता, आणि ही रांग मात्र त्यांनी आज पहिल्यांदा बघितली. पोरं किती सवयीनं चालत होती! कुणाचं तोंडही वाकडं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण शाळेचं एक काम चोख करतोय. करतच होती.

मॅडम काही बोलणार होत्या, पण बाई त्यांच्या आधी व्हरांड्यात गेल्या. “या रे परत. झाऱ्या ठेवा. आज पाहुण्या तुमच्याकडेच आल्यात.”

पोरं परत आली. एकानं झारी ठेवताना पाणी सांडलं. फरशीवर चांगलं थारोळं झालं. सगळा वर्ग श्वास रोखून बाईंकडे बघू लागला. बाईंनी त्या पाण्यावरून पाऊल टाकलं आणि पुढे गेल्या. मागच्या बाकावरच्या एका पोरानं शेजारच्याला कोपरानं ढोसून हे दाखवलं. पुढे शाळेत हीच गोष्ट जास्त गाजली, हे वेगळं सांगायला नको.

मॅडमनी सुटलेल्या वेणीच्या मुलीला पुस्तक दिलं. “वाचशील?”

मुलीनं आधी वाचनाच्या बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मुलीनं ओळीखाली बोट ठेवलं. “डों… डोंग… डोंगरा…” आणि थांबली. बोट थांबलं नव्हतं, ते त्या अक्षराखाली पुढेमागे होत होतं, कुलपात किल्ली फिरवून बघावी तसं. “डोंगराच्या.” मग पुढचा शब्द. “प… पली…”

बाईंना राहवेना. त्यांच्या तोंडून “पलीक” एवढं निघालंच होतं, तेवढ्यात त्यांच्या मनगटावर कुणीतरी हात ठेवला. वाचनाच्या बाई होत्या. हात असा ठेवला होता की तोच म्हणत होता, थांबा. मुख्याध्यापिकेला कुणी असं थांबवायची शाळेतली ती पहिलीच वेळ. बाई थांबल्या.

“पलीकडे,” मुलगी म्हणाली. “डोंगराच्या पलीकडे. दोन. र… रस्ते. फु… फुट… तात.” तिनं बोट ओळीच्या सुरुवातीला परत नेलं आणि आता एका दमात म्हटलं, “डोंगराच्या पलीकडे दोन रस्ते फुटतात!” आणि मॅडमकडे न बघता तिनं थेट चकाचक बाईंकडे बघितलं, कारण मोठ्या बाईंनी तिला वाचताना कधी ऐकलंच नव्हतं.

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “फुटतात. अगदी बरोबर. फुटतातच.”

“गेल्या वर्षी कुठपर्यंत वाचायची ही?” मॅडमनी विचारलं.

“स्वतःचं नाव,” वाचनाच्या बाई म्हणाल्या. “तेही अर्धंच. अर्ध्यात रडायची.”

“नाही रडायचे!” मुलगी म्हणाली, आणि मग प्रामाणिकपणे, “थोडंसंच.”

मग मॅडम खाली, पोरांच्या बाकावर बसल्या आणि एकेकाचं ऐकत राहिल्या. दुपार झाली. बाईंनी गळक्या वर्गाचं कुलूपही आपण होऊन उघडून दाखवलं. मॅडम वर बघून म्हणाल्या, “छपराचं या वर्षी नाही जमायचं, हे आत्ताच सांगते.” बाई म्हणाल्या, “छप्पर राहू दे. बादल्या आहेत आमच्याकडे. चांगल्या घासलेल्या आहेत.” मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. हसू असावं.

निकाल महिनाअखेरीच्या आत आला. वाचनाची एक जागा मंजूर, कायम. बाईंनी निरोप ऐकला, खुर्चीतून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या आणि वाचनाच्या बाईंना बोलावून घेतलं.

“झालं बघ! आता आईला सांग, आहे म्हणावं नोकरी. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, पार म्हातारी होईपर्यंत.”

मुलगी हसली. पण लगेच हो म्हणाली नाही. रस्त्याच्या त्या टोकाची जागाही कायमचीच होती, हे बाई आनंदात विसरल्या होत्या.

“मोठ्या बाई, एक विचारू?”

“विचार ना.”

“तिकडे सरांनी वाचनासाठी पुढची खोली द्यायचं कबूल केलंय. उजेडाची. मी इथंच राहीन, पण आता आम्ही मागच्या खोलीत नाही बसणार.”

“मग कुठे बसणार?”

तिनं बाईंच्या खोलीला लागून असलेल्या दाराकडे बघितलं. तिकडे पाहुण्यांची खोली होती. मोठ्या दोन खिडक्या, सोफा, काचेचं कपाट, कपाटात ढाली आणि चषक, सगळे रोज पुसलेले. शाळेतली सगळ्यात चकाचक खोली.

बाईंनी उठून ते दार उघडलं आणि आत बघितलं. मग म्हणाल्या, “पोरं भिंतींना हात लावतील.”

“लावतील.”

“खडूचे.”

“खडूचेच.”

“सोफा कुठे ठेवायचा मग?”

“ते तुम्ही ठरवा,” मुलगी म्हणाली, आणि बाईंना कळलं की ही आता कुठे जात नाही.

सोफा हलवायला नवऱ्याला बोलावलं. सोफा दाराच्या चौकटीतून बाहेर निघेना, म्हणून चौकटीचाच एक तुकडा त्यानं काढला आणि परत बसवला. शेवटी सोफा व्हरांड्यात भिंतीला लागून बसला. बाईंच्या स्वतःच्या खोलीत काचेचं कपाट आल्यावर त्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी सह्यांचे कागद उचलले आणि व्हरांड्यातल्या सोफ्यावरच बस्तान मांडलं. पाठीमागे उघडी खिडकी. आत वीसेक पोरांचं एकमेकांत गुंतलेलं वाचन. कुणी एका शब्दावर अडलंय, कुणी पुढे पळतंय, कुणी मधल्यामधे हसतंय.

फोन वाजला. रस्त्याच्या त्या टोकाहून.

“वहिनी, हे बरं नाही केलंत. जागा आहे आणि माणूस नाही! छप्पर नवं आणि खाली कुणी नाही! मी कुणाला सांगू हे?”

“ज्यांना वीस वर्षं सांगत आलात त्यांनाच सांगा.”

“ते ऐकतच नाहीत आता. म्हणतात, तुमचं तर झालं सगळं.” क्षणभर थांबून दीर म्हणाले, “शनिवारी अर्धा दिवस पाठवता का तिला? तोपर्यंत मी कुणीतरी शोधतो. त्या नव्या माणसाला तयार तरी करील ती.”

“तिला विचारते. ती अटी घालते हं, सांगून ठेवते.”

“काय? ऐकू येत नाही! कसला गोंगाट आहे तो?”

बाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि खिडकीकडे केला. आत कुणीतरी एका लांबलचक शब्दाशी झुंजत होतं. बाईंनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि हातातलं पेन वर धरून त्या वाट बघत बसल्या.

“वहिनी? अहो, आहात का?”

“थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “शब्द पुरा होऊ दे.”